प्रस्तावना : ‘ढ’ ठरवण्याआधी

मराठी शाळेत वाचता न येणाऱ्या मुलाला एका अक्षरात निकालात काढायची सोय आहे. ‘ढ’. माझ्या लहानपणी गुरुजी या शब्दाची फोड करून सांगायचे. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत येताना बाकीच्या अक्षरांनी रूप पालटलं, ढ मात्र अशोकाच्या शिलालेखांत होता जवळपास तसाच राहिला. म्हणून कितीही शिकवलं तरी ज्याच्यात फरक पडत नाही तो ढ. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होवो न होवो, मला तिच्यातले तीन शब्द अडवतात : कितीही शिकवलं तरी. म्हणजे किती? काय शिकवलं, किती आठवडे, दर आठवड्याला काय बदललं? ‘पालथ्या घड्यावर पाणी’ म्हणताना आपण घडा पाहतो. पाणी ओतलं होतं की नाही हे कोणी पाहत नाही.

हे पुस्तक त्या तीन शब्दांचा हिशोब मागतं. त्याचं म्हणणं असं : एखाद्या मुलाला विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे की नाही हे एका दिवसाच्या चाचणीवरून ठरवू नका. आधी त्याला वर्गात नीट शिकवा, शिकवताना मोजत राहा, आणि त्या शिकवण्याला ते कसा प्रतिसाद देतं ते पाहून पुढचं पाऊल टाका. इंग्रजीत या पद्धतीला रिस्पॉन्स टु इंटरव्हेन्शन म्हणतात, थोडक्यात आरटीआय. गंगापूर तालुक्यातल्या एका शिक्षण परिषदेत मी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका मुख्याध्यापकांनी दचकून विचारलं, “कोणी टाकला अर्ज?” माहितीच्या अधिकाराची धास्ती शाळांना आधीच पुरेशी आहे. लेखकांनी पुस्तकभर ‘प्रतिसाद पद्धत’ हाच शब्द ठेवला, ते बरं केलं.

समजा, जूनमध्ये तिसरीच्या वर्गात दोन मुलं आहेत. दोघंही मिनिटाला जेमतेम दहा शब्द बरोबर वाचतात. दोघांच्या नावापुढे ‘शब्द स्तर’ अशी सारखीच नोंद. दोघांना रोज अर्धा तास, चार-पाच जणांच्या गटात, एकाच रीतीनं वाचन शिकवलं आणि दर शनिवारी एक मिनिट वाचून घेतलं. गणपती येईपर्यंत एक मूल तिशीला पोचलं, दुसरं बारावरच आहे. जूनमध्ये सारखी दिसणारी ही मुलं सारखी नव्हती. पहिल्याला तोवर कोणी शिकवलंच नव्हतं. दुसऱ्याला काही वेगळं लागणार आहे, आणि ते आपल्याला तिसरीतल्या सप्टेंबरमध्ये कळलं, नववीतल्या सप्टेंबरमध्ये नव्हे. पद्धतीचा गाभा एवढाच. पुढचा सगळा पसारा ‘नीट शिकवलं’ म्हणजे काय आणि ‘प्रतिसाद’ मोजायचा कशानं, यावरच्या वादांचा आहे.

विषय जन्मला तो मात्र दवाखान्यात. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत लिहिली. मुलगा तल्लख, गणितात चांगला. पण मास्तरांनी जिवाचं रान करूनही त्याला साधे शब्द वाचता येईनात. मॉर्गननी याला जन्मजात शब्दांधत्व म्हटलं. ग्लासगोचे नेत्रतज्ज्ञ जेम्स हिन्शेलवूड यांनी तोच धागा पुढे नेला. १९२५ च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन यांनी दोष डोळ्यांत नसून मेंदूच्या कामकाजात आहे असं मांडलं, आणि ॲना गिलिंगहॅम या शिक्षिकेबरोबर डोळा, कान, हात एकत्र वापरणारी शिकवण्याची रीत बसवली. आज आपल्या विशेष शिक्षकांच्या अभ्यासक्रमात तिचं नाव असतंच. ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हे नाव रूढ केलं सॅम्युएल कर्क यांनी, १९६३ मध्ये शिकागोत भरलेल्या पालकांच्या सभेत. डॉक्टरांच्या शब्दांधत्वापासून पालकांच्या सभेपर्यंत यायला सदुसष्ट वर्षं गेली.

नाव मिळालं की कायदा येतो. १९७५ चा अमेरिकी कायदा आणि १९७७ ची त्याची नियमावली यांनी ओळखण्याचं सूत्र ठरवलं : बुद्ध्यांक आणि प्रत्यक्ष संपादणूक यांत मोठी तफावत हवी. कागदावर हे सुटसुटीत वाटतं. वर्गात त्याचा अर्थ असा होतो की बुद्ध्यांक शंभर आणि वाचन दुसरीचं, तर तफावत मोठी, म्हणून मदत. बुद्ध्यांक ऐंशी आणि वाचन दुसरीचंच, तर तफावत लहान, म्हणून काही नाही. दोघांचीही अडचण अनेकदा एकच असते, शब्दातले आवाज सुटे करून अक्षराशी जोडता न येण्याची. शिवाय तफावत मोठी व्हायला वेळ लागतो. पहिलीत सगळेच थोडं वाचतात, म्हणून फरक दिसत नाही. म्हणजे मुलाला सांगायचं, आधी पुरेसा मागे पड, मग बघू. अमेरिकी अभ्यासक याला ‘नापास होईपर्यंत थांबा’ पद्धत म्हणू लागले ते उगीच नाही.

या सूत्राला पहिला धक्का बसला तो वाचनाच्या संशोधनातून नव्हे, न्यायाच्या प्रश्नातून. मंदबुद्धी मुलांच्या वर्गांत कृष्णवर्णीय मुलं इतकी जास्त का, हे पाहायला अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने समिती नेमली. तिने १९८२ मध्ये सांगितलं : मूल विशेष वर्गात पाठवण्याआधी साध्या वर्गातलं शिकवणं चांगलं होतं हे दाखवा. पुराव्याची जबाबदारी मुलावरून वर्गावर सरकली. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. त्याच सुमाराला मिनेसोटात स्टॅन्ली डीनो यांनी ताप मोजावा तसं दर आठवड्याला एका मिनिटाचं वाचन मोजायची रीत बसवली होती. १९९६ मध्ये फ्रँक व्हेलुटिनो आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यात पहिलीतल्या वाचनात मागे असलेल्या मुलांना रोज अर्धा तास एकेकट्याला शिकवलं. साधारण दोनतृतीयांश मुलं एकाच सत्रात सरासरीला आली. उरलेली थोडीच खऱ्या अर्थानं अवघड होती. २००४ च्या कायद्यानं तफावतीची सक्ती उठवली आणि प्रतिसादावरून ओळखायला मुभा दिली.

त्यानंतर घराणी पडली. आयोवातल्या मंडळींचं म्हणणं, प्रत्येक मुलाची अडचण निराळी. शिक्षक, पालक, मानसतज्ज्ञ यांनी बसून तिची फोड करावी आणि त्या मुलापुरता उपाय शोधावा. टेक्सास आणि नॅशव्हिलच्या संशोधकांचा कल दुसरीकडे : सिद्ध झालेला एकच पाठ सगळ्यांना, सारख्या मात्रेत, सारखे आठवडे, तरच कोण प्रतिसाद देतं याची तुलना होईल. पहिल्या रीतीत शिक्षकाच्या शहाणपणावर भिस्त, दुसरीत पाठाच्या शिस्तीवर. तिसरं घराणं दोघांनाही विचारतं की प्रतिसाद न देण्याची कारणं हजार असतात, मग मेंदूची विशिष्ट कामं न तपासता त्याला अक्षमता कसं म्हणता? हा प्रश्न टाळता येत नाही. आणि २०१५ मध्ये १३ राज्यांतल्या शाळांच्या सरकारी मूल्यमापनात एक बोचरा निष्कर्ष आला. पहिलीत सीमारेषेच्या किंचित खाली असल्यामुळे जादा शिकवणीच्या गटात गेलेली मुलं, सीमारेषेच्या किंचित वर राहिलेल्यांपेक्षा वाचनात मागेच पडली होती. जादा तास हा मूळ तासाच्या जागी आला की असं होऊ शकतं. आपल्याकडे परिपाठ बुडवून, खेळाचा तास कापून चालणारं ‘उपचारात्मक अध्यापन’ ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात हा विषय आला तो मुंबईतून, आणि परीक्षेच्या दारानं. १९९६ मध्ये राज्य सरकारनं अशा विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती दिल्या : जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र, शुद्धलेखनाच्या चुकांकडे कानाडोळा. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. सवलत देशात अग्रेसर होती यात वाद नाही. पण तिनं एक सवयही लावली. मूल सापडतं ते दहावीच्या तोंडावर, कारण कागद तेव्हा लागतो. २००७ च्या ‘तारे जमीन पर’नंतर घराघरांत ‘डिस्लेक्सिया’ शब्द पोचला. तोही बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या, फी भरू शकणाऱ्या घरांत. तपासणीला पैसे लागतात, तालुक्याहून शहरात खेपा लागतात. सोयगावहून संभाजीनगर गाठायचं म्हणजे मजुरी बुडवून अख्खा दिवस, आणि एका खेपेत काम होत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं विशिष्ट अध्ययन अक्षमतेला एकवीस प्रकारांत जागा दिली, आणि अशी मुलं लवकरात लवकर ओळखून शिकवण्यात योग्य ते बदल करा असं शिक्षणसंस्थांना बजावलं. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी चाळणी तिसरीत, म्हणजे आठव्या वर्षी, शिक्षकांकडे सोपवली. पुढे बुद्ध्यांक, मग बंगळूरच्या निम्हान्सची चाचणी, आणि चौदाव्या-अठराव्या वर्षी पुन्हा प्रमाणपत्र. गंमत अशी की त्याच्या कितीतरी आधी, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २४ व्या कलमानं प्रत्येक शिक्षकाला सांगून ठेवलंय की मुलाची शिकण्याची क्षमता तपासा आणि लागेल तशी जादा शिकवणी द्या. एक कायदा म्हणतो शिकवा, दुसरा म्हणतो ओळखा. शिकवता शिकवता ओळखा, असं मात्र कोणी लिहून ठेवलं नाही. ती मधली जागा प्रतिसाद पद्धतीची आहे, आणि या पुस्तकाचीही.

पण अमेरिकेतली पद्धत उचलून फुलंब्रीच्या शाळेत ठेवता येत नाही, याची कारणं स्पष्ट सांगायला हवीत. तिथं गृहीत धरलेलं असतं की साध्या वर्गातल्या शिकवण्यानं शंभरातली ऐंशी मुलं मार्गी लागतात, पंधरांना गटात मदत लागते, पाचांना त्याहून जास्त. आपल्याकडे २०२२ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी ४२.८ टक्के होती. अक्षमतेचं प्रमाण जगभरचे जाणकार पाच ते पंधरा टक्क्यांच्या आसपास धरतात. निम्म्याहून जास्त वर्ग मागे असेल तर अक्षमता वर्गाच्या तळाशी शोधून सापडत नाही; तिथं गर्दीच फार असते. म्हणून आपल्याकडे पहिली पायरी अख्ख्या वर्गाचीच. ‘प्रथम’ या संस्थेनं अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळ्यांवर मुलांचे गट करून शिकवण्याची जी रीत रुजवली, राज्यानं मधल्या काळात ‘अध्ययन स्तर निश्चिती’ म्हणून जे केलं, ते सगळं या पायरीचंच काम. फक्त तिथं प्रश्न एवढाच असतो की मूल वर चढलं का. न चढलेल्यांचं पुढे काय, हे रकान्यात मावत नाही.

दुसरं कारण लिपीचं. मला स्वतःला इथं सर्वांत जास्त रस आहे. इंग्रजीची सव्वीस अक्षरं, पण स्पेलिंगचा नेम नाही. मराठीत लिहिलं तसं वाचायचं, पण चिन्हांचा पसारा मोठा. काना, वेलांटी, उकार, मात्रा, वर जोडाक्षरं. ‘करम’, ‘क्रम’ आणि ‘कर्म’ हे तीन शब्द मुलासमोर ठेवा. तीच तीन अक्षरं, पण र एकदा उभा आहे, एकदा पायाशी तिरकी रेघ होऊन बसला आहे, एकदा डोक्यावर चढला आहे. ‘सूर्य’ म्हणताना र य च्या आधी ऐकू येतो, लिहिलेला असतो य वर. ‘दिवस’मध्ये वेलांटी द च्या आधी उभी, ऐकू येते नंतर. बोट ठेवून वाचणाऱ्या मुलाचं बोट एका ठिकाणी आणि आवाज दुसऱ्या ठिकाणी असतो. कन्नडवर काम करणाऱ्या सोनाली नाग यांनी दाखवलंय की अशा लिपीत अक्षरांवर पकड यायला पहिली-दुसरी पुरत नाही, चौथीपर्यंतही ते चालू राहतं. तेव्हा दुसरीत ‘चंद्र’ला अडलेलं मूल वेळापत्रकानुसारच चाललेलं असू शकतं. उलट आपल्या लिपीत खरी अडचण अनेकदा चुकांतून दिसतच नाही. मूल बरोबर वाचतं, पण एकेक अक्षर ओढत, शब्दाच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरून.

आणि वेग मोजायचा तर कशात? ‘निपुण भारत’ने तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्दांचं लक्ष्य ठेवलं आहे. हिंदीत ‘पेड़ के ऊपर’ हे तीन शब्द. मराठीत ‘झाडावर’, एक. आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, ‘शाळेतल्यांनासुद्धा’ एका दमात वाचावं लागतं. शब्द मोजले तर मराठी मूल उगाच मंद ठरतं. लेखकांनी शब्दांऐवजी अक्षरं मोजायचा निर्णय घेतला, तो वरवर बारीक वाटेल. माझ्या मते या पुस्तकातली ती सर्वांत महत्त्वाची देणगी आहे.

तिसरं कारण आपल्या संभाजीनगर जिल्ह्याचं. कन्नड-सोयगावकडे घरात अहिराणी, तांड्यांवर गोरमाटी, शहरात दखनी, वाळूजच्या कामगार वस्त्यांत भोजपुरी. मूल ‘पाणी’ला ‘पानी’ लिहितं तेव्हा ते कानाशी प्रामाणिक असतं. त्याचा डिस्लेक्सियाशी संबंध नाही. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ ही भारतीय भाषांसाठीची चाचणी २०१५ मध्ये आली, त्यात मराठी आहे हे आपलं भाग्य. हिंदी, कन्नड आणि इंग्रजीही आहेत. या चारांत उर्दू नव्हती, आणि या शहरात उर्दू शाळा गल्लोगल्ली आहेत. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. तिथल्या मुलाच्या चुकांचा नकाशा निराळाच निघतो. पुस्तकात दोन उर्दू शाळांच्या नोंदी आहेत. त्या थोड्या आहेत, पण मी त्या दोनदा वाचल्या.

हे पुस्तक प्रमाणपत्र कसं काढायचं ते सांगत नाही. कोणाला डिस्लेक्सिक म्हणावं हेही सांगत नाही. तो अधिकार शिक्षकाचा नाही, आणि लेखकांना त्याचं भान आहे. ते सांगतं की डॉक्टरांकडे जाणाऱ्या मुलाच्या हातात शाळेनं काय द्यावं. आज बहुधा काहीच नसतं, किंवा वर्णनात्मक नोंदी असतात. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तशी त्या नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली. ‘वाचताना अडखळतो’ हे वाक्य मी एका वर्गाच्या वहीत अकरा मुलांपुढे एकाच शाईत वाचलेलं आहे. त्याजागी बारा आठवड्यांच्या नोंदी हव्यात : कोणता पाठ, किती दिवस हजर, किती अक्षरं, कुठल्या चिन्हाला अडखळलं. चाळीस मुलांच्या द्विशिक्षकी शाळेत हे सगळ्यांचं करता येत नाही, हेही लेखक जाणतात. तळातल्या सहा-सात मुलांपुरतंच ते मागतात. मोजायची पट्टी त्यांनी परदेशातून आणलेली नाही. त्याच वर्गातल्या मधल्या मुलाशी तुलना केली आहे. ही पट्टी शाळेगणिक बदलेल. तरी ती हातात आहे.

एका बाबतीत माझं लेखकांशी पटत नाही, आणि ते मी त्यांना सांगितलं आहे. दुसऱ्या फेरीचे आणखी बारा आठवडे झाल्याशिवाय पुढे पाठवू नका, असं ते म्हणतात. ज्या मुलाच्या वडिलांना किंवा मामालाही कधी वाचता आलं नाही, शाळेत जाऊनही, त्याला मी पहिल्या फेरीनंतरच पाठवीन. प्रतिसाद पाहायचा म्हणून मुलाला ताटकळत ठेवायला लागलो, तर ‘नापास होईपर्यंत थांबा’चंच दुसरं नाव झालं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्राथमिकच्या दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं आहे. प्रत्यक्षात एका विशेष शिक्षकाकडे किती शाळा असतात, ते कोणत्याही गट साधन केंद्रात विचारा. ते उत्तर ऐकल्यावर बारा आठवडे फार मोठे वाटतात.

पुस्तकातल्या एका आलेखाबद्दल सांगून थांबतो. कन्नड तालुक्यातल्या एका तांड्यावरचं मूल, तिसरी. जूनपासून रेघ सावकाश चढते आहे. गटात शिकवल्यावर ती जरा उभी होते. दसऱ्यानंतर रेघ तुटते. आईबापांबरोबर ते ऊसतोडीला कारखान्यावर गेलं, हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर मागे ठेवायचं तर घरी आजी नव्हती. पाडव्यानंतर रेघ पुन्हा सुरू होते, जूनपेक्षाही खालून. अक्षमता, की पाच-सहा महिन्यांचं रान? लेखकांनी त्या आलेखाखाली काहीच निष्कर्ष लिहिलेला नाही. अक्षरजुळणी चालू असताना छापखान्यातून विचारणा आली होती, मधली रेघ राहून गेली आहे, ठिपक्यांनी जोडून देऊ का. लेखकांनी नको म्हणून कळवलं.